एकतीस तारखेपर्यंतचा भाव

४ डिसेंबर

बारक्या,

हे पत्र कामाचं आहे, तेव्हा फाडायचं असलं तरी आधी शेवटपर्यंत वाच. तुझा फोन मला लागत नाही, म्हणजे तू लागू देत नाहीस. घराचा पत्ता तू कोणालाच दिलेला नाहीस. पण तुमच्या शोरूमची जाहिरात पेपरात येते आणि तिच्या तळाशी पत्ता असतो. गाड्या विकणाऱ्या माणसाला लपून राहता येत नाही, हे तो धंदा धरतानाच तुझ्या लक्षात यायला हवं होतं.

आपली पिकअप संपली. चढावर काळा धूर ओकते, दुसरा गिअर हाताने दाबून धरावा लागतो आणि गेल्या सहा महिन्यांत दोनदा ती काचा भरलेल्या असताना भर रस्त्यात बंद पडली. मेकॅनिकने परवा बॉनेट लावलं आणि हात पुसत म्हणाला, "ताई, आता हिच्यात पैसा घालू नका." आठ वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदाच खर्च करू नका म्हटलं. त्यावरून काय ते समज.

मध्यंतरी भाड्याचा टेम्पो करून पाहिला. टेम्पोवाले काच आडवी टाकतात आणि वर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवतात. मी ओरडले तर एक जण म्हणाला, "बाई, काचच आहे ना, अंडी थोडीच आहेत!" त्या खेपेत अकरापैकी चार काचा पोचल्या.

नव्या गाडीचे भाव तुला मी काय सांगणार, तूच ते सांगून पोट भरतोस. आपण घेतली तेव्हा पावणेसहा लाखांत नंबरच्या पाट्या लावून दारात उभी राहिली होती. आज तेवढीच लांब, तेवढीच रुंद, तेवढंच वजन उचलणारी गाडी साडेदहाच्या खाली कोणी दाखवत नाही. वर एक पडदा बसवलाय, त्यात म्हणे मागचं दिसतं. मागे काचा असतात, मला त्या न बघताही दिसतात. एक जानेवारीपासून भाव आणखी चढणार, असं सगळ्या शोरूमच्या दारावर लिहून लावलंय.

घाईचं कारण असं. गावाबाहेर नवीन हॉस्पिटल उभं राहतंय, त्याच्या एकशे चाळीस खिडक्यांचं काम मला मिळण्यासारखं आहे. कंत्राटदाराची अट एकच, पंधरा जानेवारीला दुकानाची स्वतःची गाडी हवी. हे काम मिळालं तर दोन वर्षं वर बघायला नको. नाही मिळालं तर दुकानाला कुलूप लावून मी दुसऱ्याच्या हाताखाली काच कापायला जाईन, आणि बाबा घरी बसतील. ते घरी बसून किती दिवस काढतील हे मला सांगता येत नाही.

तेव्हा तुझ्याकडे दोन कामं आहेत. शोरूमवाले खरी सवलत कधी देतात आणि कशी काढायची, ते लिहून कळव. आणि जुनी गाडी देऊन नवी घेतली की वेगळा बोनस मिळतो, पण जुनी आपल्या दोघांच्या नावावर आहे. तुझी सही लागेल.

बाबा बरे आहेत. हात तसाच आहे. तुला लिहितेय हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

ताई


११ डिसेंबर

बारक्या,

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र असेल असं वाटलं होतं, निघाली यादी. सहा ओळी, वर नाव नाही की खाली नाव नाही. गिऱ्हाइकाशीसुद्धा तू याहून जास्त बोलत असशील. पण पाठवलीस. ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि चार दिवसांत तीन शोरूम पालथी घातली.

पहिल्या ठिकाणी एक टायवाला होता. मी किमतीचं काढताच त्याने दोन्ही हात वर केले. "मॅडम, किंमत कंपनी ठरवते, आमच्या हातात काही नाही." मग मी तुझ्या यादीतली पहिली ओळ काढली. म्हटलं, या वर्षाच्या सुरुवातीला बनलेली आणि अजून न विकलेली एखादी गाडी मागे उभी आहे का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचं वय विचारलं. मग कॉफी आली. साध्या प्रश्नाला पाणी आणि नेमक्या प्रश्नाला कॉफी मिळते, हे यादीत लिहायला तू विसरलास. शेवटी तो रबरी चटया, सीटची कव्हरं आणि मोबाइल अडकवायचा आकडा देऊ लागला. तुझी चौथी ओळ, "वस्तू नको, किमतीत कमी करा", मी पाढा म्हणावा तशी तीनदा म्हटली. त्याने कॉफीचा कप उचलून नेला.

दुसऱ्याने बसल्या बसल्या साठ हजार कमी केले. मी मनात म्हटलं, बारक्या उगाच घाबरवतो. मग त्याने कागद पुढे सरकवला. त्यात हाताळणीचा खर्च, गाडी कारखान्यातून इथवर आणण्याचा खर्च, त्यांच्याच एजंटचा विमा, आणि 'इतर' म्हणून एक आकडा. बेरीज पहिल्याहून चार हजारांनी जास्त निघाली. त्याला विचारलं, इतर म्हणजे काय? तो म्हणाला, "ते सगळेच देतात." त्याच्या बोलण्यात साखर इतकी होती की मी उठून बाहेर पडल्यावरही तो नमस्कार करत होता.

तिसरं गावाबाहेर आहे, पत्र्याची शेड आणि मागे मोकळं मैदान. तिथली व्यवस्थापक एक चष्मेवाली बाई आहे. बोलते कमी, ते बरं वाटलं. यादीतला प्रश्न विचारला तर सरळ म्हणाली, "आहे एक. फेब्रुवारीतली. चला." शेवटच्या रांगेत पांढरी पिकअप उभी होती. काचेवर इतकी धूळ की कोणीतरी बोटाने 'मला न्या' असं लिहून ठेवलं होतं.

तिसऱ्या ठिकाणी बाबा बरोबर होते. मी नको म्हटलं होतं, पण गाडी म्हटल्यावर ते ऐकणार थोडेच. डाव्या हाताने टेप धरून त्यांनी हौदा मोजला. चष्मेवाली मदतीला पुढे झाली तर म्हणाले, "राहू दे, मला सवय आहे." मग तिने हौद्याचं फळकूट वर करून लावलं. बाबा म्हणाले, "बसली का?" तिला काही कळेना. मग मीच तिला सांगितलं, की आमच्या दुकानाची रीत आहे. काचा उभ्या टेकवायची लाकडी घोडी हौद्यात भरली की शेवटचा पट्टा जो बांधतो, त्याने तो हाताने ओढून बघायचा आणि मोठ्याने म्हणायचं, 'बसली'. ते ऐकल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही बोंबलत असो. चष्मेवाली म्हणाली, "छान आहे की." मी हो म्हटलं.

तिने इंजिन सुरू केलं तेव्हा बाबा कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "बारक्या असता तर आवाजावरून सांगितलं असतं." तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेतलं. घेतलं आणि लगेच टायर बघायला खाली वाकले. मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

ताई


१८ डिसेंबर

बारक्या,

सौदा ठरला. तू म्हटलंस तसं किंमत पक्की होईपर्यंत जुन्या गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. चष्मेवालीने फेब्रुवारीच्या गाडीवर पंच्याण्णव हजार कमी केले. 'इतर' वगैरे भानगड तिच्या कागदावर नव्हतीच. विमा मी बाहेरून काढणार. मग शेवटी म्हटलं, जुनी गाडी द्यायची आहे. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. म्हणाली, "तुम्हाला कोणीतरी शिकवून पाठवलंय." मी म्हटलं, भाऊ याच धंद्यात आहे. ती म्हणाली, "मग तिकडूनच का नाही घेतली?" मी म्हटलं, लांब पडतं.

जुनीची किंमत आणि वर पन्नास हजारांचा बोनस धरला तर उरलेले पैसे बँक देते आहे. बोनस नसेल तर बँक देणार नाही, माझं तेवढंच घोडं अडलंय. हा भाव एकतीस तारखेच्या संध्याकाळी सातपर्यंत. त्यानंतर वाढीव किंमत, आणि ती गाडीसुद्धा मागच्या वर्षीची म्हणून ती बाई इतर गाड्यांबरोबर कुठल्यातरी ठेकेदाराला एकगठ्ठा देणार आहे.

सोबत कागद आहेत. जिथे पेन्सिलने फुल्या मारल्या आहेत तिथे सही कर, सात ठिकाणी. तिसऱ्या पानावर जुन्या गाडीचा इतिहास म्हणून विमा कंपनीकडचा काही मजकूर जोडून आलाय, तो त्यांच्या कामाचा आहे. तो वाचत बसू नकोस. वेळ थोडा आहे, दुसऱ्याच दिवशी कुरिअरने परत टाक. पैसे मी भरलेत.

तू त्या दिवशी वीसच्या वेगाने होतास की चाळीसच्या, यावर पुन्हा बोलण्यात काही हशील नाही. झालं ते झालं. बाबांचा हात काही त्याने सुधारणार नाही.

सह्या झाल्या की आपलं एकमेकांकडे काही काम राहणार नाही. नंतर तुला त्रास देणार नाही.

ताई


२४ डिसेंबर

बारक्या,

कागद परत आले. एकही सही नाही. तिसऱ्या पानावर एक ओळ तू लाल पेनने अधोरेखित केली आहेस आणि बाजूला लिहिलं आहेस, 'हे कोणी लिहिलं?'

अक्षर माझं आहे हे तुला चांगलं ठाऊक आहे, मग विचारतोस कशाला. तरी विचारलंच आहेस तर सांगते. 'चालकाने वळणावर गाडी वेगात घेतल्यामुळे आरसा कलला व मागे बसलेल्या इसमाच्या उजव्या हाताला इजा झाली.' हे मी लिहिलं. खाली सही माझी आहे. बाबांच्या पहिल्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिलं.

रागावण्याआधी तेव्हाची परिस्थिती आठव. दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या, अजून दोन ऑपरेशनं व्हायची होती आणि खर्चाचा आकडा ऐकून मला घाम फुटला होता. विम्याचा एजंट येऊन म्हणाला, चालकाची चूक असेल तर इलाजाचे पैसे मिळतील. माल नीट बांधलेला नव्हता असं लिहिलंत तर कंपनी तोंडाला पानं पुसेल. माल नीट बांधला नव्हता असं मी म्हणत नाही. तो काय म्हणाला ते सांगते आहे. मी विचार केला, नाहीतरी सगळे तेच म्हणतायत. शेजारच्यांपासून त्या नृत्याच्या क्लासवालीपर्यंत, जिचे आरसे आपण नेत होतो, सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. तुझ्या गाडी चालवण्याबद्दल गावाचं मत काही मी बनवलेलं नव्हतं.

पैसे मिळाले. तीनही ऑपरेशनं झाली. आज बाबा डाव्या हाताने का होईना दुकानात काम करतात, त्यात त्या ओळीचा वाटा आहे. तू कागद बघितला नाहीस, कारण तोवर तू निघून गेला होतास. थांबला असतास तर दाखवला असता.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. दाखवला नसता. असो.

कागद पुन्हा पाठवते आहे. तिसरं पान तुझ्या लाल रेघेसकट तसंच ठेवलंय. सात दिवस उरलेत. माझ्यावर राग धर, पण दुकानावर धरू नकोस.

ताई


२८ डिसेंबर

बारक्या,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

आज सकाळी चष्मेवालीकडे गेले होते. तिला म्हटलं, भावाच्या सह्या मिळत नाहीत. ती म्हणाली, "भांडण?" मी म्हटलं, हो. तिने दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला त्याची सही येत असेल तर करा. घरातल्या घरात असं बरेच जण करतात. मी बघितलं नाही."

तुझी सही मला येते. नववीत असताना तू तासभर माझ्याशेजारी बसून ती माझ्याकडूनच ठरवून घेतली होतीस, ती शेपटीवाली, रुबाबदार दिसायला हवी म्हणून. पेन हातात घेतलं. पहिल्या फुलीवर टेकवलंसुद्धा. आणि मग मला त्या हॉस्पिटलच्या बाकाची आठवण झाली. तेव्हाही असंच पेन होतं, कागद मांडीवर होता आणि मी तुझ्याबद्दल काहीतरी लिहून मोकळी झाले होते. तुझ्या नावावर दुसऱ्यांदा काही लिहिण्याची माझी छाती झाली नाही.

आता जे चोवीस तारखेला लिहायचं होतं ते लिहिते.

शेवटचा पट्टा मी बांधला होता, हे तुला माहीत आहे. 'बसली' असं मीच ओरडले, तेही तू ऐकलंस. तुला जे माहीत नाही ते एवढंच, की तो मी ओढून बघितला नव्हता. क्लासवालीचा फोन आला होता, उद्घाटनाची वेळ झाली, कुठे आहात म्हणून. फोन खांद्याने कानाशी धरून मी पट्ट्याची कडी अडकवली, खटका तीनदा दाबायचा तो एकदा दाबला, आणि तिला "निघालोच" म्हणत तुला "बसली" म्हणाले. दोन्ही एकाच दमात. तू गाडी सुरू केलीस, कारण तू ती रीत पाळत होतास. ती मोडणारी मी होते.

तू वीसनेच चालवत होतास. मी तुझ्याशेजारी बसले होते, काटा माझ्या समोर होता. तू बाबांना, पोलिसांना, मला, सगळ्यांना वीस, वीस म्हणत होतास आणि मी खिडकीबाहेर बघत होते. तू मला "ताई, तू तरी सांग" म्हणालास. ते वाक्य मी विसरलेले नाही. विमा, एजंट, इलाजाचा खर्च, हे सगळं खरं आहे, पण ते दुसऱ्या दिवसाचं. पहिल्या दिवशी मला पैशाची काळजी नव्हती. मला माझी लाज वाटत होती. मी घाबरले होते. बस.

चष्मेवालीला मी म्हटलं, की विमा कंपनीला खरं काय ते कळवायचं आहे. तिने कपाळाला हात लावला. "आज कळवलंत तर तुमची फाईल अडकेल. जुन्या गाडीचा वाद मिटेपर्यंत मी ती घेऊ शकत नाही. पाच दिवस थांबा, गाडी घरी न्या, मग दोन तारखेला काय ते कळवा. कोणाचं नुकसान आहे?" बाईचं चुकत नव्हतं. माझ्या भल्याचंच सांगत होती.

पण दोन तारखेपर्यंत थांबले असते तर मी ते पत्र कधीच टाकलं नसतं. मी स्वतःला एवढं ओळखते. दोनाची पाच झाली असती, मग हॉस्पिटलचं काम सुरू झालं असतं, मग कामात कुठे सवड. तीन वर्षं अशीच गेली. म्हणून तिथून निघाले ती सरळ टपाल कचेरीत. कंपनीला टाकलेल्या पत्राची प्रत सोबत आहे. ते पैसे परत मागतील की आणखी काही करतील, कळेल तेव्हा कळेल.

तेव्हा आता सही करू नकोस, तिचा उपयोग राहिला नाही. तुझी यादी चांगली होती. पंच्याण्णव हजार कमी करून घेतले होते मी, हे कोणालातरी सांगावंसं वाटतं म्हणून तुलाच सांगते.

ताई


३ जानेवारी

बारक्या,

काल तुझं पाकीट आलं. सातही सह्या आहेत, खाली एकतीस तारीख आहे. म्हणजे माझं पत्र वाचून तू केल्यास. सही करू नकोस असं मी स्पष्ट लिहिलं होतं, तरी केल्यास. तिसरं पान मात्र पाकिटात नाही. ते तू ठेवून घेतलंस. ठेव. ते तुझंच आहे.

गाडी गेली. एक तारखेला चष्मेवालीचा फोन आला, ती पांढरी ठेकेदाराकडे रवाना झाली म्हणून. नवा भाव ऐकून मी फोन ठेवला. कंत्राटदाराला जाऊन सांगितलं, गाडी नाही. त्याने एकशे चाळीसपैकी तळमजल्याच्या बत्तीस खिडक्या मला दिल्या, बाकीच्या दुसऱ्याला. बत्तीसवर वर्ष निघणार नाही, चार महिने निघतील. टेम्पो भाड्याचा करायचा, काचा उभ्या ठेवायच्या आणि मागे हौद्यात मी स्वतः बसायचं, असं ठरवलं आहे. पुढचं पुढे.

आता दुसरं. बाबांना सांगितलं.

एक तारखेला सकाळी दुकान उघडल्यावर ते एका टेबलाच्या काचेची कड घासत होते. मी समोर उभी राहून म्हटलं, "बाबा, त्या दिवशी पट्टा मी ओढला नव्हता." त्यांनी हात थांबवला नाही. कड शेवटपर्यंत घासली, बोट फिरवून पाहिलं, मग म्हणाले, "माहीत आहे."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "आरसा कलला त्याच्या आधी पट्टा माझ्या मांडीवर येऊन पडला. सैल. ओढलेला पट्टा तुटतो, असा सुटून पडत नाही. मी हात घातला तो आरसा धरायला. मला तेव्हाच कळलं."

मी म्हटलं, "मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तो जायचंच म्हणत होता. शहरात नोकरी बघत होता, मला माहीत नव्हतं असं नाही. तू जायचं म्हणत नव्हतीस. मी खरं बोललो असतो तर तो गेलाच असता, आणि तू लाजेनं गेली असतीस. मग या हाताने मी काय केलं असतं?" मग काच फडक्याने पुसत म्हणाले, "दोघं जाण्यापेक्षा एक गेला."

दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला चार मिलिमीटरची काच मापाने कापून दिली, पैसे घेतले, सुटे दिले. नंतर मागे जाऊन रडले. राग आला होता, खूप. आधी त्यांचा, की यांनी मला ठेवून घेतलं आणि तुला जाऊ दिलं. मग माझाच, कारण मला ठेवून घेतलं याचं आत कुठेतरी बरंही वाटलं. तीन वर्षं मी त्यांच्यापासून लपवलं, त्यांनी माझ्यापासून, आणि आम्ही दोघांनी मिळून तुझ्यापासून. रोज समोरासमोर बसून जेवलो, भाजीत मीठ कमी आहे की जास्त यावर बोललो.

हे तुला पत्रातून कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. "त्याला मी स्वतः सांगेन, पत्रात नको." तरी मी लिहिलं. मी आता कोणाची कुठलीच गोष्ट पोटात ठेवणार नाही, आणि तुला दोन दिवस आधी कळलेलं बरं. चिडायचं, ओरडायचं, वस्तू आपटायच्या असतील तर या दोन दिवसांत उरकून घे.

कारण शनिवारी ते तुझ्याकडे येतायत. सकाळच्या बसने, एकटे. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. म्हटलं, त्याने भेट नाकारली तर? म्हणाले, "मग पायरीवर बसेन. शोरूमला पायरी असेलच ना?" त्यांच्या पिशवीत दोन शर्ट आहेत आणि तुझ्यासाठी काहीही नाही. काय न्यावं ते त्यांना सुचलं नाही. दोन दिवस विचार करत होते.

तू त्यांच्याशी काय बोलायचं ते मी सांगणार नाही. त्यांना माफ कर असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि मला कर असं तर नाहीच. फक्त एक सांगते. त्यांना बाकी सगळं डाव्या हाताने जमतं. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावता येत नाही, तेवढं तू लाव. विचारू नकोस. विचारलंस तर नको म्हणतील.

ताई